इन्युइट लघुशिल्पांतील कयाक, उमियाक आणि स्लेज : नव्याने पाहणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी

तळहातावर मावेल एवढी एक स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी, डोळ्यांसमोर आणावी. तिच्यापुढे पंख्याच्या काड्यांसारखी पसरलेली सात कुत्री आहेत, एकही कुत्रे भुईमुगाच्या शेंगेहून मोठे नाही, आणि प्रत्येकाच्या पाठीवरून निघालेला दोरा मागे येऊन स्लेजच्या पुढच्या टोकाशी एकाच गाठीत मिळतो. स्लेजवर अंगरख्याची टोपी डोक्यावर ओढलेला माणूस बसला आहे आणि त्याच्या मागे शिकार करून आणलेला सील आडवा बांधला आहे. हे सारे वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्यातून कोरलेले असून दोऱ्याच्या जागी जनावराच्या स्नायूंचा पिळलेला तंतू वापरला आहे. अशी वस्तू प्रथमच पाहणारा माणूस साहजिकच तिच्या बारीकपणाने थक्क होतो, आणि बहुतेकांचे पाहणे तेथेच थांबते. प्रस्तुत लेख त्यापुढच्या पाहण्यासाठी आहे. माझा आग्रह एकच आहे, की ही शिल्पे आधी वाहने म्हणून वाचावीत आणि मग कलावस्तू म्हणून. दोर कोठे बांधला आहे आणि वजन कोठे पडते हे ज्याला कळते, त्याला शिल्प अस्सल आहे का, ते कोणत्या प्रदेशातले आहे आणि कोरणाऱ्याला विषयाची कितपत जाण होती, हे प्रश्न निम्मे सुटल्यासारखेच असतात.

सुरुवातीला दोन शब्द नावांविषयी. ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग आणि अलास्काचा उत्तर किनारा या विस्तीर्ण पट्ट्यात राहणाऱ्या या लोकांचा उल्लेख जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘एस्किमो’ असा येत असे. कॅनडात व ग्रीनलंडमध्ये तो शब्द आता अवमानकारक मानला जातो, म्हणून ‘इन्युइट’ हाच शब्द वापरावा. एका व्यक्तीला ‘इनुक’ म्हणतात. 2021 च्या जनगणनेनुसार कॅनडातील इन्युइटांची संख्या सत्तर हजारांच्या थोडी वर होती. त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत शब्दाच्या शेवटी ‘न्ग्वाक’ असा एक प्रत्यय लागतो, ज्याचा अर्थ ‘-ची प्रतिकृती’ किंवा ‘लुटुपुटूची वस्तू’ असा होतो. कोरीवकामाला असलेला ‘सनन्ग्वाक’ हा शब्दही याच प्रत्ययाने बनलेला आहे. आपल्या भातुकलीत चुलीची चिमुकली चूल होते आणि तरीही तिला तीन बाजू व पुढे तोंड असावेच लागते, तसाच हा भाव आहे. वस्तू खोटी असली तरी तिची रचना खरीच हवी.

पहिली पायरी : वाहन ओळखणे

या शिल्पांत प्रामुख्याने तीन वाहने आढळतात. त्यांपैकी कयाक, म्हणजे इनुक्टिटुटमध्ये ‘कयाक’ असाच, पण कंठातल्या खोल ‘क’ ने उच्चारला जाणारा शब्द, ही एका शिकाऱ्याची अरुंद व वरून बंद होडी आहे. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलची, तर आतल्या प्रदेशात कॅरिबू हरणाची, कातडी शिवून ताणायची, अशी तिची बांधणी असे. सांगाडा पुरुष करीत, तर पाणी आत येणार नाही अशी शिवण घालण्याचे काम स्त्रियांचे असे. लघुशिल्पात कयाकचे कवच सहसा एकसंध दात, शिंग किंवा दगड यांचे असते आणि माणूस व अवजारे निराळी करून बसवलेली असतात. मात्र लाकडी सांगाड्यावर खरोखरच कातडे शिवलेल्या जुन्या प्रतिकृतीही मिळतात.

कयाक पाहताना माणसाच्या चेहऱ्यापेक्षा आधी त्याच्या हार्पूनचा, म्हणजे दोर बांधलेल्या शिकारी भाल्याचा, दोर पाहावा. समुद्रावरील शिकारीत हार्पूनचे टोक सीलच्या अंगात शिरले की दांड्यापासून सुटते आणि कातड्याखाली आडवे फिरून अडकते. त्या टोकाला बांधलेला लांब दोर शिकाऱ्याच्या पुढ्यातील छोट्या चौकटीवर वेटोळे घालून ठेवलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक शिकाऱ्याच्या पाठीमागे ठेवलेल्या, हवा भरून फुगवलेल्या सीलच्या कातड्याला बांधलेले असते. या तरंगत्या पिशवीला ‘अवताक’ म्हणतात. जखमी जनावर बुडी मारते तेव्हा ही पिशवी त्याला दमवते आणि ते कोठे आहे तेही दाखवते. दोर होडीलाच बांधला असता, तर पहिल्या हिसक्यात होडी शिकाऱ्यासकट उलटली असती. म्हणून एखाद्या शिल्पात हा दोर थेट कयाकच्या टोकाला गुंडाळलेला दिसला, तर एक तर तो मागाहून कोणीतरी चुकीचा बांधला आहे किंवा कोरणाऱ्याने ही शिकार कधी समजूनच घेतलेली नाही. जी शिल्पे मनापासून केलेली असतात त्यांत मागची पिशवी, तिचे तोंड बंद करणारी खुंटी, पुढची दोराची चौकट, उजव्या हाताशी हार्पून आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे एवढे सारे बोटभर जागेत व्यवस्थित नांदत असते.

दुसरे वाहन म्हणजे उमियाक. ही उघडी, रुंद व मोठी होडी असून तीत कुटुंबेच्या कुटुंबे, तंबू, भांडीकुंडी व कुत्री घालून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जात. पूर्वेकडे ती बहुधा स्त्रिया वल्हवीत, म्हणून युरोपीय प्रवाशांनी तिला ‘बायकांची होडी’ म्हटले. अलास्कात मात्र तीच होडी पुरुषांच्या देवमासा-शिकारीची होती, त्यामुळे हे नाव सरसकट लावू नये. या विषयावरील सर्वांत परिचित शिल्पे पुविर्नितुक गावच्या जो तालिरुनिली यांची आहेत. त्यांच्या लहानपणी काही कुटुंबे समुद्रावरील बर्फावर अडकून पडली आणि जवळच्या स्लेजचे लाकूड व कातडी वापरून त्यांनी उमियाक बांधली व जीव वाचवला. हा प्रसंग त्यांनी दगड, लाकूड, कातडे व दोरा यांतून आयुष्यभर पुन्हा पुन्हा घडवला. त्या होड्यांत माणसे दाटीवाटीने, डोक्याला डोके लावून बसलेली आहेत. ती शिल्पे लघुशिल्पांहून मोठी असली तरी ‘होडी म्हणजे गर्दी’ ही गोष्ट शिकण्यासाठी त्यांची छायाचित्रे अवश्य पाहावीत. नुसती रिकामी उमियाक कोरलेली असेल तर मला ती नेहमीच थोडी अर्धवट वाटते.

तिसरे वाहन स्लेज. कॅनडाच्या पूर्व व मध्य आर्क्टिकमध्ये तिला ‘कामुतिक’ म्हणतात. दोन लांब फळ्या कडेवर उभ्या ठेवून त्यांवर आडव्या पट्ट्या टाकायच्या, अशी तिची रचना साधी असली तरी खरी मेख जोडणीत आहे. आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून चामड्याच्या वादीने आवळलेल्या असतात. समुद्रावरील गोठलेला बर्फ सपाट नसतो. त्यावर उंचवटे व भेगा असतात आणि खिळ्यांनी घट्ट केलेली गाडी त्यावर आदळून फुटते, तर वादीने बांधलेली गाडी खाटेच्या नवारीसारखी थोडी वाकते आणि पुढे जाते. लाकडाच्या दुष्काळात या फळ्या देवमाशाच्या हाडाच्या केल्या जात, इतकेच काय, गोठवलेले मासे कातड्यात गुंडाळूनही त्यांचे काम भागवले जाई. फळ्यांच्या तळाला चिखलाचा थर देऊन तो गोठवीत आणि त्यावर पाण्याचा पातळ हात फिरवून काचेसारखा गुळगुळीत बर्फ चढवीत. चांगल्या लघुशिल्पात या फळ्यांना आरपार बारीक भोके पाडलेली असतात आणि पट्ट्या खरोखरच दोऱ्याने बांधलेल्या असतात. भिंग लावून ही भोके मोजण्यात जो आनंद आहे, तो चेहऱ्याचे कौतुक करण्यात नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कुत्र्यांची मांडणीही वाचावी लागते. झाडे नसलेल्या उघड्या बर्फावर प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र दोर देऊन पंख्यासारखे पसरवतात. दोर सारख्या लांबीचे नसतात; म्होरक्या कुत्र्याचा दोर सर्वांत लांब असतो. या पद्धतीत वजन बर्फावर पसरते, भेग आली तर प्रत्येक कुत्रे आपापली वाट काढते आणि अस्वल दिसले तर कुत्री झटकन मोकळी करता येतात. जंगलातील अरुंद वाटांवर हा पंखा झाडांत अडकेल, म्हणून तेथे एका मधल्या दोराला जोडीजोडीने कुत्री जुंपतात. एखाद्या शिल्पात सगळे दोर अगदी एका मापाचे दिसले, तर ते मागाहून बदललेले असण्याची शक्यता धरून पुढे चौकशी करावी.

या कुत्र्यांना ‘किम्मिक’ म्हणतात आणि नुनावुत प्रदेशाने त्यांना आपले अधिकृत प्राणिचिन्ह मानले आहे. 1960 च्या दशकापासून बर्फावरील मोटारस्कूटर सर्वत्र पसरली, आणि त्याच काळाच्या आगेमागे अनेक वस्त्यांत सरकारी अधिकाऱ्यांकडून व पोलिसांकडून कुत्री मारली गेली. या दुखऱ्या इतिहासाची चौकशी किकिक्तानी सत्य आयोगाने केली आणि 2019 मध्ये कॅनडा सरकारने बॅफिन भागातील इन्युइटांची माफी मागितली. त्यानंतरच्या काळातील कुत्र्यांच्या स्लेजचे शिल्प हे अनेकदा गेलेल्या गोष्टीची आठवण असते. त्याला ‘गोंडस’ म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

दुसरी पायरी : प्रदेश ओळखणे

एकदा वाहनाची रचना कळली की प्रदेश ओळखणे तितकेसे अवघड राहत नाही. ग्रीनलंडच्या स्लेजला मागे दोन उभे दांडे असतात, ज्यांना धरून चालक गाडी ढकलतो किंवा वळवतो. कॅनडातील कामुतिक मागून सपाट असते. अलास्काची स्लेज कठड्याच्या टोपलीसारखी असते. कयाकांमध्ये ग्रीनलंडची होडी सडपातळ, पाण्यालगत व टोकांना किंचित उचललेली असते. बॅफिन व लॅब्राडॉरकडील होडी रुंद, जड व लांब नाकाची असते. हडसन उपसागराच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या कॅरिबू इन्युइटांची होडी हलकी व शिंगासारख्या टोकाची असून तीत हार्पूनऐवजी भाले ठेवलेले असतात, कारण नदी पोहून जाणारी हरणे तीतून मारली जात. बेरिंग सामुद्रधुनीकडील कयाकच्या नाकाला पुष्कळदा एक गोल भोक असते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वायव्य ग्रीनलंडमधील इनुग्वित लोकांची 1818 मध्ये जॉन रॉस यांच्या मोहिमेशी गाठ पडली तेव्हा त्यांच्याकडे हाडांपासून केलेल्या स्लेज होत्या, पण कयाक नव्हते. ती विद्या त्यांच्यातून लोपली होती आणि 1860 च्या दशकात बॅफिनकडून आलेल्या स्थलांतरितांनी ती पुन्हा आणली. तेव्हा ‘सर्व इन्युइट सर्व काळी कयाक वापरीत’ असे गृहीत धरून कोणत्याही वस्तूला जुनी तारीख लावू नये.

तिसरी पायरी : द्रव्य ओळखणे

लघुशिल्पांसाठी वॉलरसचा सुळा, कॅरिबूचे शिंग, देवमाशाचे हाड आणि दगड ही चार मुख्य द्रव्ये आहेत. वॉलरसचा सुळा कापला असता बाहेरचा थर गुळगुळीत व दुधाळ दिसतो, आणि आतला गाभा शिजवलेल्या लापशीसारखा ठिपकेदार, संगमरवरी दिसतो. हा गाभा अन्य कोणत्याही दातात असा नसतो, म्हणून स्लेजच्या तळाशी किंवा शिल्पाच्या बैठकीच्या कडेला तो शोधावा. हत्तीच्या दातात याउलट एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. हाडात भिंगाखाली काळपट सूक्ष्म टिंबे किंवा चिरा दिसतात, तर शिंगाचा मधला भाग सच्छिद्र व करडा असतो. दगडांपैकी सोपस्टोन, म्हणजे शंखजिऱ्याच्याच जातीचा मऊ दगड, नखानेही ओरखडला जातो; सर्पेंटाइन त्याहून बराच कठीण असून हिरवट चमक धरतो. आजच्या बोलण्यात दोन्हींना सरसकट सोपस्टोन म्हटले जाते, पण विक्रेत्याने नेमके कोणते ते सांगावे अशी अपेक्षा आपण ठेवण्यास हरकत नाही. द्रव्य खरे की खोटे हे ओळखण्यासाठी सुई तापवून टोचून पाहण्याचा जो उपाय पुष्कळजण सुचवतात तो कधीही करू नये. त्याने कळेल ते कळेल, पण वस्तूला कायमचा डाग पडतो.

नकलेची सर्वांत मोठी खूण म्हणजे सारखेपणा. मी घेतलेली पहिली स्लेज एका विमानतळावरच्या दुकानातली होती आणि कितीतरी दिवस मी ती सुळ्याची समजत होतो. एके दिवशी भिंग हातात आले आणि पाहतो तो पाचही कुत्र्यांच्या उजव्या कानावर एकच टवका, त्याच जागी आणि त्याच आकाराचा. साच्यातून काढलेल्या रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या, वस्तूत असे होते. शिवाय पोटाखालून जाणारी साच्याची बारीक रेघ, टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे आणि हातात घेताच येणारी कोमट, हलकी जाणीव या खुणाही असतात. हाताने कोरलेल्या सात कुत्र्यांत एखादे जाड, एखादे लंगडे आणि एखादे शेजारच्याकडे पाहून गुरगुरणारे निघतेच.

चौथी पायरी : सही, चकती व गावांची नावे

लघुशिल्पाच्या तळाशी तीन प्रकारच्या खुणा आढळतात. पहिली रोमन लिपीतील नाव. दुसरी अक्षर व आकडे मिळून बनलेला एक क्रमांक. 1940 च्या दशकापासून कॅनडा सरकारने प्रत्येक इन्युइट व्यक्तीला गळ्यात किंवा मनगटाला बांधण्यासाठी एक क्रमांकाची चकती दिली होती. पूर्वेकडील क्रमांक इंग्रजी ‘ई’ ने आणि पश्चिमेकडील ‘डब्ल्यू’ ने सुरू होत. माणसाला नावाऐवजी आकड्याने ओळखण्याची ही पद्धत 1968 ते 1971 या काळात आडनावे नोंदवून बंद करण्यात आली. त्या मोहिमेचे काम एब ओक्पिक या इन्युइट गृहस्थांनी गावोगावी हिंडून केले. असा क्रमांक कोरलेला दिसला तर वस्तू बहुधा त्या काळातील किंवा त्या काळात घडलेल्या कलाकाराची असते, आणि क्रमांकावरून नावापर्यंत पोचता येते.

तिसरी खूण मराठी वाचकाला विशेष मौजेची वाटेल. कॅनडातील बहुसंख्य इन्युइट ज्या लिपीत सही करतात, तीत एकाच आकाराची आकृती चार दिशांना फिरवली की व्यंजनाला लागणारा स्वर बदलतो. ही लिपी मुळात क्री लोकांसाठी जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने 1840 मध्ये सिद्ध केली आणि पुढे ती इन्युइटांपर्यंत गेली. व्यंजनाला आधार धरून स्वर जोडण्याची कल्पना इव्हान्सने काही अंशी देवनागरीवरून घेतली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपण ‘क’ ला वेलांटी देतो, ते ‘क’ ची आकृतीच फिरवतात. ही लिपी वाचण्यास दोन तास पुरतात आणि तळावरील सही स्वतः वाचता आली की विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

कागदी चिठ्ठीत बर्फाच्या घराचे चित्र असलेली ‘इग्लू टॅग’ असल्यास उत्तम. कॅनडा सरकारने 1958 मध्ये अस्सलपणाची ही खूण सुरू केली आणि 2017 पासून तिचा कारभार इन्युइट आर्ट फाउंडेशनकडे आहे. अलास्कातील मूलनिवासी कलाकारांच्या कामावर ‘सिल्व्हर हँड’ ही खूण पाहावी. जुन्या चिठ्ठ्या वाचताना गावांची बदललेली नावे माहीत असावी लागतात : पेली बे म्हणजे आजचे कुगारुक, रिपल्स बे म्हणजे नौयात, केप डॉर्सेट म्हणजे किन्गाइत, स्पेन्स बे म्हणजे तालोयोआक आणि पोर्ट हॅरिसन म्हणजे इनुक्जुआक. यांपैकी कुगारुक व नौयात ही गावे सुळ्यातील अतिसूक्ष्म कामासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. तालोयोआकच्या अब्राहम किंगमिआतूक यांची कुत्र्यांची स्लेज तर कॅनडाच्या टपाल खात्याने 1978 मध्ये इन्युइट प्रवासावर काढलेल्या तिकिटांपैकी एकावर झळकली आणि त्याच संचात तालिरुनिलींची होडीही होती. नवख्याने शिल्पाआधी हा तिकिटांचा संच घ्यावा. खर्च थोडा आणि पाहण्याचा सराव भरपूर.

वस्तूवर काहीच खूण नसेल तर ती खोटीच असे मात्र समजू नये. सही करण्याची पद्धत बाजाराबरोबर आली. इन्युइटांच्या पूर्वजांच्या थूले संस्कृतीच्या उत्खननांत कयाकच्या खेळण्यातल्या प्रतिकृती सापडतात. एकोणिसाव्या शतकात देवमासे मारणाऱ्या जहाजांवरील खलाशांना आणि लॅब्राडॉरमध्ये 1771 मध्ये नेन येथे आलेल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांना अशा प्रतिकृती विकल्या जात. आणि 1948 मध्ये जेम्स ह्यूस्टन हे कॅनडाचे चित्रकार इनुक्जुआकला गेल्यानंतर, 1949 च्या नोव्हेंबरात मॉन्ट्रिअलमध्ये भरलेली पहिली मोठी विक्री तीन दिवसांत संपली. त्यानंतर हा व्यवहार संघटित झाला. त्यापूर्वीच्या कितीतरी सुंदर वस्तू निनावी आहेत.

पाचवी पायरी : कायदा, पैसे देण्यापूर्वी

ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी ओलांडू नये. वॉलरस, नारव्हाल (लांब सुळा असलेला एक लहान देवमासा), इतर देवमासे व ध्रुवीय अस्वल हे सारे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या निरनिराळ्या परिशिष्टांत येतात आणि त्यांच्या दात-हाडांची वस्तू कॅनडाबाहेर नेताना परवाना लागतो. अमेरिकेचा 1972 चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा तर कॅनडातून वॉलरसचा सुळा, देवमाशाचे हाड किंवा सीलचे कातडे आत आणण्यास सर्वसाधारणपणे मनाईच करतो. अलास्कातील मूलनिवासींनी केलेल्या हस्तव्यवसायाच्या वस्तूंना देशांतर्गत वेगळी मुभा आहे. टोरांटोला नातेवाइकांकडे आलेले न्यू जर्सीचे मराठी पाहुणे परतताना सीमेवर ही वस्तू गमावून बसतात, ती याच अज्ञानापायी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तेथील राज्याच्या हस्तिदंतविषयक कायद्यात वॉलरसचाही समावेश आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, योगायोगाने तोही 1972 चाच, 2022 मध्ये सुधारण्यात आला आणि साइट्समधील प्रजातींसाठी त्यात स्वतंत्र तरतुदी आल्या. शिवाय मुंबईच्या विमानतळावर पांढरी कोरीव वस्तू दिसली की पहिला संशय हत्तीच्या दाताचाच येणार, आणि कागद हाती नसतील तर तो आपल्याला दूर करता येणार नाही.

यांतील बहुतेक अडचणी टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे पुणे किंवा नाशिकला न्यायची वस्तू दगडाची किंवा कॅरिबूच्या शिंगाची घ्यावी. शिंगाची स्लेज सुळ्याइतकी शुभ्र नसते, पण तिचा करडा-तपकिरी रंग कुत्र्यांना अधिक शोभतो असे मला वाटते. बिलावर द्रव्याचे नाव ठळकपणे लिहून घ्यावे.

सहावी पायरी : निवड

प्रथम संग्रहालये पाहावीत. विनिपेगमध्ये 2021 साली उघडलेल्या ‘कौमायुक’ या इन्युइट कलाकेंद्रात तीन मजली काचेच्या भांडारात हजारो शिल्पे एकत्र दिसतात. गॅटिनोचे कॅनडाचे इतिहास संग्रहालय आणि कोपनहेगनचे राष्ट्रीय संग्रहालय, जेथे 1921 ते 1924 च्या पाचव्या थूले मोहिमेचे, म्हणजे इन्युइटांच्या अभ्यासासाठी निघालेल्या डॅनिश मोहिमेचे, साहित्य आहे, ही ठिकाणेही मोलाची आहेत. तेथे खरी कयाक व खरी कामुतिक पाहून झाल्यावर लहान शिल्पाकडे परत यावे. मग कोरणाऱ्याने काय गाळले आणि काय राखले ते लख्ख दिसते.

खरेदी करताना विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात : कलाकार कोण, गाव कोणते, द्रव्य कोणते, आणि कोणता भाग दुरुस्त केलेला आहे. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि लघुशिल्पात तोच सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण वल्ही मोडतात, दोर तुटतात आणि कुत्री हरवतात. स्लेजच्या पुढच्या टोकाशी सात भोके किंवा सात गाठी असून कुत्री सहाच असतील, तर उत्तर विक्रेत्याआधी वस्तूनेच दिलेले असते. दुरुस्ती असणे हा दोष नव्हे, ती लपवणे हा दोष आहे. किंमत आकारावर नव्हे तर कलाकार, बारकावा व अवस्था यांवर ठरते, त्यामुळे स्वस्तात मोठी मिळते म्हणून मोठी घेऊ नये.

सातवी पायरी : सांभाळ

दात, हाड व शिंग हवेतील दमटपणाबरोबर फुगतात व आकसतात. जूनमध्ये दमट, रात्रभर एअर कंडिशनरमध्ये कोरडी आणि दुपारी पुन्हा दमट, अशी मुंबईतील खोली त्यांना सर्वांत वाईट; त्याने पृष्ठभागावर उभ्या चिरा पडतात. म्हणून वस्तू बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीपासून आणि तापणाऱ्या दिव्यापासून दूर, काचेच्या बंद पेटीत ठेवावी. बुरशीच्या भीतीने पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांचा ढीग घालू नये. अति कोरडेपणाही तितकाच घातक असतो. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. पाणी, साबण, खोबरेल तेल आणि लिंबू यांपैकी काहीही लावू नये, मग ते कोणी कितीही अनुभवाने सांगो. कातड्याचा भाग असल्यास दर महिन्याला कसर लागली आहे का ते तपासावे.

दोर तुटला तर घाई करू नये. माझ्याकडील एका स्लेजचा म्होरक्याचा दोर सुटला तेव्हा मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावला. दोन वर्षांत तो थेंब पिवळा पडला, कडक झाला, आणि त्याच जागी तंतू पुन्हा तुटला. आता तो डाग दाताच्या अंगातच मुरला आहे. तुटलेला तंतू छोट्या पाकिटात घालून, कोणत्या कुत्र्याचा ते वर लिहून ठेवावे आणि जाणत्या संवर्धकाकडे न्यावे.

वस्तू घरी आली त्याच दिवशी तिचे सर्व बाजूंनी, विशेषतः तळाचे, छायाचित्र घ्यावे आणि कुत्र्यांचा क्रम डावीकडून उजवीकडे वहीत मांडावा. एकदा ती गोंधळली की म्होरक्या कोणता यावरून घरात वाद होतात. प्रवासात न्यायची झाल्यास कुत्री दोरांसकट जागच्या जागी ठेवून प्रत्येकाभोवती मऊ टिश्यू कागदाची गुंडाळी करावी, वल्हे व हार्पून सुटे निघत असल्यास वेगळ्या डबीत घालावेत, बिल व परवाना हाताशी ठेवावा, आणि पेटी सामानात न टाकता हातातच घ्यावी.